टर्मिनल रेंगाळते तेव्हा: दोष लाइनचा, दुकानाचा की पेढीच्या संगणकाचा?

घाऊक पेढीचा साठा आणि खातेवही एका मोठ्या संगणकावर असते. आपण लोणावळा, कामशेत किंवा वडगावच्या दुकानात बसून साध्या पीसीवरून तिच्यात ऑर्डर भरतो. ही सोय ज्यांच्या वाट्याला आली आहे त्यांची एक तक्रार ठरलेली असते, ती म्हणजे पडदा फार हळू चालतो. एन्टर दाबले की खालच्या ओळीत एक्सची खूण उमटते, कळफलक अडकून बसतो आणि गिऱ्हाईक समोर ताटकळते. मग कोणीतरी सांगतो की लाइन मोठी घ्या. लाइन मोठी होते, महिन्याचे बिल वाढते आणि पंधरा दिवसांनी तक्रार जशीच्या तशी राहते. कारण वेळ नेमका कुठे जातो हे मोजल्याशिवाय पैसा खर्च झालेला असतो. आपण व्यापारी लोक थान घेताना गज लावल्याशिवाय पैसे देत नाही. इथे मात्र मोजमाप न करता देतो.

प्रथम या यंत्राची ओळख करून घेऊ. सरकारी खात्यांतले अजस्र संगणक एकीकडे आणि टेबलावरचा पीसी दुसरीकडे, त्यांच्या मधल्या वर्गाला मिडरेंज म्हणतात. त्यातले सर्वांत प्रसिद्ध यंत्र म्हणजे आयबीएमचे एएस/४००. ते १९८८ साली बाजारात आले. त्या वेळी आयबीएम भारतात नव्हती. १९७८ साली ती इथून निघून गेली होती आणि १९९२ मध्ये टाटांच्या भागीदारीत परत आली. यंत्राचे नाव पुढे बदलत गेले. २००० साली आयसीरीज, २००६ साली सिस्टिम आय, आणि २००८ पासून पॉवर यंत्रांवर चालणारी आयबीएम आय ही प्रणाली. आतला कारभार मात्र जुन्या वळणाचाच आहे आणि त्यावर लिहिलेले जुने प्रोग्राम आजही चालतात. या यंत्राला जोडायच्या टर्मिनलच्या घराण्याचे नाव ५२५०. जाड ट्विनॅक्स केबलची एक तार पाच हजार फुटांपर्यंत जाई आणि तिच्यावर सात उपकरणे बसत. आता केबलही गेली आणि ते टर्मिनलही गेले. आपल्या पीसीवरचा एक प्रोग्राम त्या जुन्या टर्मिनलचे सोंग घेतो आणि इंटरनेटवरून मोठ्या यंत्राशी बोलतो. यालाच टर्मिनल इम्युलेशन म्हणतात.

ज्यांनी असे यंत्र पाहिलेले नाही त्यांनी रेल्वेची आरक्षण खिडकी आठवावी. १९८० च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले, ते डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स यंत्रांवर. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद इथली केंद्रे उभी राहिली आणि १९९९ पर्यंत ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. खिडकीतला बाबू बटण दाबून पडद्याकडे बघत बसतो आणि आपण रांगेत बाबूकडे बघत बसतो, तो वेळ म्हणजेच आजचा आपला विषय.

आता मुद्द्याची गोष्ट. टर्मिनल दोन जातींचे असते. युनिक्स किंवा व्हॅक्स जातीच्या यंत्राला जोडलेल्या टर्मिनलवर सर्वसाधारणपणे आपण दाबलेले प्रत्येक अक्षर मोठ्या यंत्राकडे जाते आणि तिथून परत आल्यावर पडद्यावर दिसते. ५२५० ची रीत वेगळी आहे. इथे तुम्ही रकाने भरत राहता तेव्हा बाहेर काहीच जात नाही, सगळे आपल्याच पीसीवर घडते. एन्टर किंवा एफ-चे एखादे बटण दाबले की भरलेले रकाने एकगठ्ठा जातात आणि उत्तराचा पडदा एकगठ्ठा येतो. पहिला प्रकार म्हणजे एकेक रुमाल घेऊन गोदामात हेलपाटे घालणे, दुसरा म्हणजे गाठोडे बांधून एकदाच जाणे.

या गाठोड्याचे वजन किती? नेहमीचा पडदा २४ ओळींचा आणि ८० अक्षरांचा, म्हणजे फार तर १,९२० अक्षरे. जुन्या ९,६०० बिटांच्या लाइनवर सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे जात, म्हणून पूर्ण पडदा यायला दोन सेकंद लागत. त्या काळी लाइन रुंद करण्याचा सल्ला बरोबर होता. आजच्या साध्यातल्या साध्या ब्रॉडबँडला एवढी अक्षरे म्हणजे चिमूटभर माल. मग वेळ कशात जातो? तो जातो फेरीत. निरोप जाऊन उत्तर येईपर्यंतच्या वेळात.

लोणावळ्याच्या माणसाला हे समजावायला बँकर पुरे आहे. मुंबईहून येणाऱ्या बहुतेक लांबच्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लागतात, कारण बोरघाटाची चढण ३७ फुटांना एक फूट अशी आहे. लोणावळ्याला ती सुटतात. गाडीला डबे बारा असोत की चोवीस, बँकर लावायला आणि सोडायला लागणारा वेळ जवळपास तोच. डबे वाढवले तर एका खेपेत माणसे जास्त येतील, पण एकट्या माणसाचा प्रवास एका मिनिटानेही कमी होणार नाही. लाइन मोठी घेणे म्हणजे डबे वाढवणे. आपला पडदा मात्र तो एकटा माणूस आहे.

हिशेब करून पाहा. एका ऑर्डरीला चाळीस वेळा एन्टर दाबावे लागत असेल आणि प्रत्येक फेरीला अर्धा सेकंद जात असेल, तर वीस सेकंद वाट पाहण्यात गेले. फेरी दोन सेकंदांची झाली की ऐंशी सेकंद. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत किंवा लग्नसराईत दिवसाला साठ ऑर्डरी भरायच्या असतील तर ऐंशी मिनिटे नुसती पडद्याकडे बघण्यात गेली. तेवढ्यात हवा असलेला रंग दुसऱ्या दुकानदाराच्या नावावर लागलेला असतो, हे वेगळेच.

अंतरामुळे किती वेळ जावा याचाही अंदाज बांधता येतो. काचेच्या तारेतून प्रकाश एका सेकंदात सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. लोणावळा ते मुंबई रेल्वेने १२८ किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन दीड मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. वाटेतली यंत्रे आणि वळणे धरून दहा-वीस मिलिसेकंद समजण्यासारखे आहेत. तिथे तीनशे लागत असतील तर दोष अंतराचा नाही. अपवाद उपग्रहाच्या व्हीसॅट जोडणीचा. भूस्थिर उपग्रह जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर असतो. निरोप वर-खाली आणि उत्तर वर-खाली मिळून १,४४,००० किलोमीटर झाले, म्हणजे सुमारे अर्धा सेकंद. तो कोणत्याही कारागिराला कमी करता येणार नाही, आणि तुमच्या ऑर्डरीला चाळीस फेऱ्या लागत असतील तर त्या फेऱ्याच कमी करायला हव्यात.

दोष कुठे आहे ते कसे ओळखावे

विणकर जसा दोष वाचतो तसा हा दोष वाचावा. कापडावर डाग किंवा फट ठराविक अंतराने येत असेल तर तो मागाच्या फिरणाऱ्या भागाकडे बघतो. मधूनच, बेताल येत असेल तर सुताकडे. भिवंडी-मालेगावच्या मोमीन बांधवांना हे सांगायची गरज नाही. पडद्याचेही तसेच आहे. रोज दुपारी चारलाच संथ होत असेल तर कोणाचे तरी ठरलेले काम त्या वेळी सुरू होते. पाऊस कोसळताना संथ होत असेल तर लाइन.

पहिली कसोटी फुकटची आहे. ५२५० च्या पडद्यावर एका रकान्यात भरभर अक्षरे टाइप करा, एन्टर दाबू नका. अक्षरेच उशिरा उमटत असतील तर लाइनचा आणि पेढीचा संबंध नाही, कारण अक्षरे अजून दुकानाबाहेर पडलेलीच नाहीत. पीसी थकलेला आहे, विषाणूविरोधी प्रोग्राम त्याला पिळतो आहे किंवा डिस्क भरली आहे. मात्र काही ठिकाणी टर्मिनल प्रोग्राम आपल्या पीसीवर नसून दूरच्या दुसऱ्या यंत्रावर असतो आणि आपण त्याचे नुसते चित्र पाहतो. तिथे अक्षरे उशिरा येणे हा लाइनचाच दोष. आपली जोडणी कोणत्या प्रकारची आहे हे आधी विचारून ठेवावे.

दुसरी कसोटी घड्याळाची. मुख्य मेनूवर जाऊन काहीही न निवडता एन्टर दाबा. यात मोठ्या यंत्राला जवळपास कामच नसते. मग साठ्याची चौकशी करा आणि दोन्हींचा वेळ लिहा. मेनू झटकन आणि चौकशी सावकाश असेल तर दोष पेढीच्या प्रोग्राममध्ये किंवा फायलींत आहे, तुम्ही लाइनवर छदाम खर्च करू नका. मेनूही सावकाश असेल तर त्याच क्षणी पेढीत फोन लावून आतल्या माणसाला तेच करायला सांगा. त्याच्याकडेही सावकाश असेल तर यंत्र दमलेले आहे. त्याच्याकडे झटकन आणि आपल्याकडे सावकाश असेल तर दोष वाटेत किंवा आपल्या दुकानात आहे.

तिसरी कसोटी पिंगची. विंडोजच्या काळ्या खिडकीत पिंग हा शब्द, पेढीच्या यंत्राचा पत्ता आणि शंभर वेळा अशी सूचना दिली की शंभर फेऱ्यांचा वेळ मिळतो. पेढीने पिंगला दार बंद ठेवले असेल तर तिच्या दाराशी असलेल्या राउटरचा पत्ता मागावा. आकड्यांत सरासरी बघून समाधान मानू नका. किमान, कमाल आणि हरवलेल्या फेऱ्या बघा. किमान १५ आणि कमाल ९०० म्हणजे रस्ता चांगला आहे पण मध्ये कुठेतरी तुंबतो. शंभरात चार-पाच हरवल्या तरी पडदा मधूनच काही सेकंद थिजतो, कारण हरवलेला गठ्ठा पुन्हा पाठवण्यापूर्वी यंत्र थोडा वेळ वाट पाहते. जुम्याच्या नमाजला दुकान बंद असते तेव्हा एक मोजणी चालू ठेवून जावे, दुसरी रविवारी संध्याकाळच्या गर्दीत करावी. जुम्याचे आकडे चांगले आणि रविवारचे वाईट असतील तर गर्दी दुकानातली आहे की बाहेरची एवढेच शोधायचे उरते.

ते शोधायला दुकानातली सगळी उपकरणे सोडवून एकटा पीसी तारेने राउटरला जोडा. माझ्या पाहण्यात अर्धे रोग इथेच सापडतात. आपल्याकडे एकाच लाइनवर टर्मिनल असते, चार कॅमेऱ्यांचे चित्रण बाहेर जात असते आणि पोरगा नव्या साड्यांचे पन्नास फोटो गिऱ्हाइकांना पाठवत असतो. बऱ्याच जोडण्यांवर माल बाहेर पाठवायचा रस्ता आत आणायच्या रस्त्यापेक्षा अरुंद असतो. फोटोंचा ढीग राउटरच्या दारात साठतो आणि आपला दोनशे अक्षरांचा निरोप त्याच्या मागे रांगेत उभा राहतो. राउटरमध्ये टर्मिनलला प्राधान्य देण्याची सोय असेल तर ती चालू करावी. नसेल तर कॅमेरे रात्री पाठवतील असे करावे.

एक जुना आणि लबाड दोष तारेच्या जोडणीचा आहे. राउटर, स्विच आणि पीसी एकमेकांशी बोलून वेग आणि पद्धत ठरवतात. कोणी हुशारीने एका टोकाला शंभर मेगाबिट, दुहेरी, असे पक्के करून ठेवले आणि दुसरे टोक आपोआपवर राहिले, तर दुसरे टोक एकेरी पद्धतीवर घसरते. मग एक पिंग सुरेख जातो आणि काम वाढले की सगळे कोसळते. दोन्ही टोके आपोआपवर ठेवा किंवा दोन्ही पक्की करा.

घाटातली लाइन

मावळात जून ते सप्टेंबर काय कोसळते ते सांगायला नको. तांब्याच्या जुन्या जोडीवर जिथे जिथे सांधा असेल तिथे ओल शिरते, फोनमध्ये खरखर येते आणि मोडेम पुन्हा पुन्हा नव्याने जुळवणी करतो. त्या प्रत्येक जुळवणीत टर्मिनल तुटते. परीक्षा सोपी आहे. लँडलाइन उचलून ऐका. खरखर असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्या. काचेच्या तारेला पावसाचे भय नाही, पण खोदकामाचे आणि तीव्र वाकवण्याचे आहे. फळीला खिळा मारून तार काटकोनात वळवणारे कारागीर आपल्याकडे कमी नाहीत. उपग्रहाच्या केयू पट्ट्यातल्या जोडण्या मुसळधार पावसात क्षीण होतात, डोंगरावरच्या वायरलेस जोडण्यांच्या आड पावसाळ्यात वाढलेली झाडे येतात. मोबाइल डोंगलवर विसंबणाऱ्यांनी शनिवार-रविवार ध्यानात ठेवावा. भुशी धरणाकडे माणसांचा लोंढा लोटतो तेव्हा तो सगळा जमाव त्याच टॉवरवर असतो. मंगळवारच्या आकड्यांवर जोडणी पसंत करून रविवारी धंदा करता येत नाही.

पेढीच्या यंत्राकडचे दोष आपल्या हातात नसतात, पण ते समजून घेतले तर फोनवर बोलता येते. या यंत्रावर पडद्यापाशी बसलेल्या माणसाच्या कामाला सहसा २० क्रमांकाचे प्राधान्य असते आणि मागे चालणाऱ्या मोठ्या छपाई-हिशेबाला ५०. आकडा लहान तो आधी. एखाद्या अधिकाऱ्याने वर्षभराच्या विक्रीचा तपशील स्वतःच्या पडद्यावरूनच काढायला घेतला की ते जड काम २० च्या रांगेत शिरते आणि आपण सगळे खोळंबतो. किंवा दोन्हींची स्मृती एकाच कप्प्यात असते आणि यंत्राचा वेळ डिस्कवरून पाने आणण्यातच जातो. ऑपरेटरला चालू कामांची यादी एका आज्ञेत दिसते, तिचे नाव डब्ल्यूआरकेएसीटीजॉब. त्याला "हळू चालते" असे सांगितले तर तो "इथे ठीक आहे" म्हणेल. "चार वाजून दहा मिनिटांनी मेनूला सहा सेकंद लागले, पिंग पंधराच होता" असे सांगितले तर त्याला यादी बघावीच लागेल. जुन्या काही मॉडेलांत पडद्यांच्या कामासाठी ताकद वेगळी विकली जात असे. यंत्र मोठे दिसे, पण पडद्यांचा वाटा ओलांडला की ते स्वतःच वेग आवळून धरी.

लहान दोष आणखी आहेत. फक्त सुरुवातीला जोडणी व्हायला वेळ लागत असेल आणि पुढे सुरळीत असेल, तर नावावरून पत्ता शोधण्यात घोळ असतो. नावाऐवजी आकडी पत्ता घालून पाहा. लहान पडदे येतात आणि भरगच्च यादीचा पडदा अडकून राहतो, असे असेल तर वाटेत कुठेतरी १,५०० बाइटांचा गठ्ठा मावत नाही. पीपीपीओई जोडणीत आठ बाइट वेष्टनात जातात आणि १,४९२ उरतात, व्हीपीएन असेल तर आणखी कमी. राउटरवाल्याला एवढे सांगितले तरी तो समजेल. जेवून आल्यावर टर्मिनल मेलेले आढळत असेल तर वाटेतल्या एखाद्या यंत्राने शांत बसलेली जोडणी टाकून दिली आहे. टर्मिनल प्रोग्राममध्ये अधूनमधून खूण पाठवण्याची सोय असते, ती चालू करावी. पेढीने मुद्दाम वेळमर्यादा लावली असेल तर ते त्यांच्या सुरक्षिततेसाठी आहे, त्याबद्दल भांडू नये.

वेग वाढावा म्हणून व्हीपीएन काढून सरळ २३ क्रमांकाच्या दारातून जा, असा सल्ला देणारेही भेटतात. त्या दारातून पासवर्ड उघडा जातो. सांकेतिक जोडणीचे दार ९९२ आहे आणि एका पडद्यामागे तिचा भार नगण्य असतो.

फेऱ्या कमी करणे हा खरा उपाय पेढीच्या प्रोग्रामरच्या हातात आहे. प्रत्येक रंगाला आणि मापाला वेगळा पडदा न देता एकाच पडद्यावर दहा-बारा ओळी भरून एकच एन्टर, अशी सोय या यंत्रावर पहिल्यापासून आहे. एकट्या दुकानदाराने मागितले तर कोणी ऐकत नाही, दहा-पंधरा दुकानदारांनी सहीनिशी मागितले तर ऐकतात. मागताना आकड्यांची वही सोबत द्यावी. लाइनवाला पीसीवाल्याकडे, पीसीवाला पेढीकडे आणि पेढी लाइनवाल्याकडे बोट दाखवते. ते चक्र तारीख, वेळ, मेनूचे सेकंद आणि पिंग असे चार रकाने असलेल्या साध्या वहीनेच थांबते.

ऑर्डर अर्ध्यात तुटली तर

संथपणापेक्षा मोठे नुकसान इथे आहे. लाइन तुटते, दुकानातला मुलगा घाबरून पुन्हा आत शिरतो आणि तीच ऑर्डर नव्याने भरतो. मोठ्या यंत्रावर मात्र पहिले काम कधीकधी जिवंतच असते आणि त्याने साठ्याची नोंद धरून ठेवलेली असते. मग एक तर "नोंद वापरात आहे" असा संदेश येतो, नाही तर दोन्ही ऑर्डरी नोंदल्या जातात आणि दोन गाठी ट्रान्सपोर्टला लागतात. पुढे भाडे कोणाचे, परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, यावरून वर्षानुवर्षांचे संबंध बिघडतात. चुकून आलेली दुसरी गाठ आपल्याकडे अमानत आहे, तिची खबर त्याच दिवशी पेढीला द्यावी. पण गाठ येऊच नये हे अधिक चांगले.

म्हणून मुलांना नियम घालून द्यावा. तुटल्यावर आत गेल्यानंतर पहिले काम ऑर्डरींची यादी बघणे, भरणे नव्हे. प्रत्येक ऑर्डरीत आपल्या बिलबुकाचा क्रमांक संदर्भाच्या रकान्यात घालावा, म्हणजे तोच क्रमांक यादीत दिसतो की नाही हे क्षणात कळते. ऑर्डर तिथे अर्धवट दिसली तर हात न लावता फोन करावा. अर्धी ऑर्डर आपोआप रद्द होते की तशीच राहते हे प्रोग्राम कसा लिहिला आहे यावर अवलंबून असते आणि प्रत्येक पेढीचे उत्तर वेगळे असू शकते. ते उत्तर हंगामापूर्वी लेखी घेऊन पडद्याशेजारी चिकटवून ठेवावे. राउटर आणि पीसी दोन्ही एकाच यूपीएसवर घ्यावेत. पुष्कळ दुकानांत पीसी यूपीएसवर असतो आणि राउटर भिंतीच्या सॉकेटवर, मग वीज गेली की पडदा उजळलेला राहतो आणि ऑर्डर तुटते.